हातरणे : अर्थ दुसरा

आमच्या घरात एकाच कामाला दोन क्रियापदं होती. घरात ‘बिछाना’ आणि दुकानात ‘हातरणे’. अम्मी म्हणायची, “चद्दर बिछा दे.” तीच चादर खांद्यावर टाकून अब्बा पुढच्या दुकानात गेले, की गड्याला म्हणायचे, “हातर लवकर.” मध्ये फक्त एक पडदा. तो सारून माणूस एका भाषेतून दुसरीत जायचा आणि आपण काही विशेष करतो आहोत असं कुणाला वाटायचं नाही. सगळ्यांच्याच घरी असं असतं, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

हातरणे म्हणजे अंथरणे. आमच्याकडे अंथरुणाला हातरूण म्हणतात. अकोल्याकडे याच नावाचं एक गावही आहे. त्याचा नि अंथरुणाचा काही संबंध आहे का ते मला ठाऊक नाही, पण एसटीवर ती पाटी दिसली की मला जांभई येते.

दुकान म्हणजे अचलपूरचं बिछायत केंद्र. वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. जिथे चार माणसं जमिनीवर बसणार, तिथे त्यांच्याखाली जे काही लागतं ते भाड्याने देणारं दुकान. लग्न, सप्ताह, जयंती, उरूस, तेरवी, सभा. ताडपत्री, सतरंज्या, गाद्या, लोड, पांढऱ्या चादरी. आता प्लॅस्टिकच्या खुर्च्या जास्त जातात, पण पाटीवर अजून बिछायत हेच लिहिलंय आणि अब्बांच्या मते खुर्ची ही बिछायत नव्हेच. खुर्ची म्हणजे नुसती ठेवायची वस्तू.

मी अकोल्याला एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. नवीन माणूस भेटला की माझं नाव ऐकतो, मग विषय ऐकतो, मग डोळे मोठे करून म्हणतो, “पण मॅडम, तुमचं मराठी किती छान आहे हो!” अंगाचा तिळपापड होतो. पूर्वी मी हसून आभार मानायची. आता म्हणते, “तुमचंही बरं आहे.” काहींना कळतं, काहींना कळत नाही. ज्यांना कळत नाही त्यांच्याशी माझं छान जमतं.

तर अब्बांचं हातरणं. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याबरोबर टेम्पोत बसून जायची, त्यामुळे ते मी शेकडो वेळा पाहिलंय. आधी जागा झाडायची, पाणी शिंपडायचं, ताडपत्री टाकायची. मग सतरंज्या. त्या नेहमी मंचाकडून सुरू करायच्या आणि दाराकडे संपवायच्या. प्रत्येक सतरंजीची कड आधीच्या सतरंजीवर चढवायची. म्हणजे दारातून येणाऱ्याचा पाय कडेवरून खाली उतरतो, कडेत अडकत नाही. उलट केलं की पहिली म्हातारी तोंडावर आपटते. हे करायला दोन माणसं लागतात. दोघांनी दोन टोकं धरायची, एक झटका द्यायचा आणि सोडायची. सतरंजी सपाट पडली पाहिजे, हाताने चोळत बसायचं नाही.

आणि हे सगळं झाल्यावर अब्बा चप्पल काढून सतरंजीवर बसायचे. मांडी घालून, नीट. चार कोपऱ्यांत एकेकदा आणि मग मधोमध. डोळे मिटायचे. कुठे खडा टोचतो का, कुठे चढ लागतो का, ते बघायचे. टोचलं तर उठून, सतरंजी उचलून, खडा काढून पुन्हा बसायचे. त्यानंतरच ते हात झटकून म्हणायचे, “हातरलं.”

त्यांचा जुना गडी भातकुलीकडचा. तो अब्बांपेक्षा मोठा, म्हणून मी त्याला काका म्हणायची. एकदा यजमान घाई करत होता, “झालं का नाई हातरून?” काका म्हणाला, “पसरलं हाय. हातरलं नाई अजून.” यजमान डोकं खाजवत गेला. मला मात्र अगदी लख्ख कळलं. पसरणं वेगळं, हातरणं वेगळं. पसरायला हात लागतात. हातरायला बसावं लागतं.

मी अकरा वर्षांची असताना परतवाड्याला एका पुढाऱ्याची सभा होती. अब्बा मंचासमोर मधोमध डोळे मिटून बसले होते. पांढरा सदरा घातलेला एक कार्यकर्ता धावत आला. “ए चाचा, उठ तिथून! ते साहेबाच्या मानसायसाठी हाय.”

अब्बांनी डोळे उघडले, पण उठले नाहीत. “त्यायच्यासाठीच बसून राह्यलो, भाऊ. खडा असन तं मले टोचू द्या. त्यायले कावून टोचावा?”

“उठतो का नाई?”

“हातरलं की उठतो.”

आणि पुन्हा डोळे मिटले. तो कार्यकर्ता माझ्याकडे बघत राहिला, जणू मी काही करू शकेन. आतून मला इतका आनंद झाला होता की मी ताडपत्रीच्या गठ्ठ्यावर बसून पाय हलवत राहिले. अब्बा त्यांच्या वेळेला उठले. नंतर सभा संपली तेव्हा तोच कार्यकर्ता दुसऱ्याला वैतागून सांगत होता, “आमी काय जन्मभर सतरंज्याच उचलाच्या का?” हे राजकारणातलं नेहमीचं वाक्य आहे, तिकीट मिळालं नाही की प्रत्येक जण म्हणतो. अब्बा तेव्हा काकाबरोबर सतरंज्या उचलत होते. ते काकाला म्हणाले, “पाह्य ना. उचलून मी राह्यलो अन् कंबर याची दुखून राह्यली.”

शाळेतही या शब्दाने माझं घोडं अडवलं. म्हण पूर्ण करा, असा प्रश्न होता. मी लिहिलं, ‘पाय पाहून अंथरूण पसरावे.’ बाईंनी लाल फुली मारली आणि वर्गात वाचून दाखवलं. सगळे हसले. मला चूक कळेचना. आमच्याकडे गिऱ्हाईक आलं की अब्बांचा पहिला प्रश्न असायचा, “पाय किती येतीन?” दोनशे माणसं म्हटलं की तितक्या सतरंज्या. पाय पाहूनच अंथरूण निघायचं. मी रडत घरी आले. अब्बा म्हणाले, “जिसके घर एकच चद्दर, उसकी कहावत वो. अपनी ये.” दुसऱ्या दिवशी मी बाईंना हे जसंच्या तसं सांगितलं आणि अर्धा तास वर्गाबाहेर उभी राहिले. बाहेर उभं राहायचं मला काहीच वाटलं नाही, कारण मी खोटं बोललेच नव्हते.

एवढं सगळं सांगायचं कारण आता घडलेली गोष्ट.

तीनेक वर्षांपूर्वी अमरावतीत आम्ही काही जण वऱ्हाडी शब्दांचा एक छोटा संग्रह करायला जमलो. संपादक एक निवृत्त प्राध्यापक. त्यांना आम्ही सगळे सर म्हणतो. मोठा व्यासंगी माणूस, हे मी आजही म्हणेन. दर महिन्यातल्या एका रविवारी त्यांच्या बैठकीत आम्ही बसायचो. मी अकोल्याहून बडनेऱ्यापर्यंत रेल्वेने आणि पुढे ऑटोने जायची. चांदूर रेल्वेचे एक मास्तर यायचे, ते रुळांवरचे आणि शेतातले शब्द आणायचे. एक फुलं विकणाऱ्या बाई यायच्या, त्यांच्याकडे गजऱ्यापासून खतापर्यंत सगळ्याला शब्द होते. वाद व्हायचे, चहा व्हायचा, पुन्हा वाद व्हायचे. माझे ते सुखाचे रविवार होते.

‘हातरणे’ आलं त्या दिवशी सरांनी लिहिलं : अंथरणे, जमिनीवर पसरणे. आणि पुढच्या शब्दाकडे वळले. मी म्हटलं, “सर, अजून एक अर्थ आहे.” आणि तो सांगितला. अंथरून, त्यावर बसून, ते नीट झाल्याची खात्री करून घेणे.

सर हसले. “आधार काय? कुठे छापलेला सापडतो?”

“छापलेला असता तर आपण इथे कशाला जमलो असतो?”

“तसं नाही हो. एखाद्याच्या दुकानातली लकब म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे.”

“चाळीस वर्षं, सर. गड्यांसकट. गिऱ्हाइकांसकट.”

“वडील हा आधार होत नाही, मॅडम,” ते समजुतीने म्हणाले.

हे वाक्य मी अकोल्यापर्यंत चघळत आले. मला आयुष्यात फार थोड्या गोष्टींसाठी भांडावंसं वाटलंय. ही त्यातली एक होती. अब्बांनी पुस्तक लिहिलेलं नाही, घर बांधलेलं नाही, दुकानही भाड्याचं. त्यांनी आयुष्यभरात एक गोष्ट स्वतःची केली, ती म्हणजे एका क्रियापदाला आणखी एक अर्थ दिला. तो त्या पुस्तकात गेलाच पाहिजे, असं मी ठरवलं.

पुढच्या महिन्यातल्या रविवारी मी अब्बांनाच बोलावलं. ते अचलपूरहून सकाळच्या बसने आले, इस्त्रीचा कुर्ता घालून. सरांनी त्यांचं मनापासून स्वागत केलं, सोफ्यावर बसवलं, चहा मागवला. मग म्हणाले, “चाचा, हातरणे म्हणजे नेमकं काय, ते सांगा बरं.”

अब्बांनी विचारलं, “सांगू का हातरून दाखवू?”

सरांच्या पत्नीने आतून एक सतरंजी आणून दिली. अब्बांनी तिचं एक टोक चांदूरच्या मास्तरांच्या हातात दिलं, झटका दिला, सोडली. मग चप्पल नव्हतीच पायात, तरी सवयीने पाय झटकले आणि एका कोपऱ्यात बसले. दुसऱ्या. तिसऱ्या. तिसऱ्या कोपऱ्याखाली काहीतरी होतं. उचललं तर मण्यासारखं बटण निघालं. ते त्यांनी सरांच्या पत्नीच्या हातात ठेवलं. त्या म्हणाल्या, “अगंबाई, दोन दिवस शोधतेय मी हे!” मग अब्बा मधोमध बसले, डोळे मिटले, उघडले आणि सरांना म्हणाले, “आता हातरलं. मघापासून नुसतं पसरलं होतं.”

फुलवाल्या बाईंनी टाळी वाजवली. सर खूश झाले. गुडघे दुखत असूनही ते खाली येऊन अब्बांशेजारी बसले आणि स्वतःच्या हाताने दुसरा अर्थ लिहून घेतला. सुंदर लिहिला. ‘अंथरून त्यावर स्वतः बसून पाहणे, दुसऱ्याच्या बसण्याची जबाबदारी घेणे.’ ते शेवटचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून चक्क गाणं म्हणत होते.

चार महिन्यांनी छपाईआधीची पानं आली. ‘ह’ची पानं तपासायचं काम माझ्याकडे होतं. मी आधी तेच पान काढलं. हातरणे. अर्थ एक. अर्थ दोन, आणि त्याच्याआधी कंसात दोन खुणा : एक अक्षर नि एक टिंब. (मु.)

सुरुवातीच्या पानावर खुणांचा खुलासा होता. मु. म्हणजे मुसलमानी बोलीतून.

मी सरांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, “नोंद घेतली ना? तुम्हाला तेच हवं होतं. शब्द कुठून मिळाला ते दाखवावं लागतं. ते शास्त्र आहे.”

“मग फुलवाल्या बाईंच्या शब्दांपुढे काय लिहिलंय?”

“काही नाही. ते सर्वसाधारण आहेत.”

“सर, हा अर्थ आमचा गडी वापरतो. तो भातकुलीचा आहे, माळकरी आहे. त्याच्यापुढे काय लिहायचं?”

“तुम्ही फार मनाला लावून घेता, मॅडम.”

कुणीही दुखावणारं काही केलं की दुखावलेल्याला हेच सांगायचं असतं. मला खरा राग कशाचा आला ते सांगते. घरातला शब्द ‘बिछाना’ होता. तो मी संग्रहाला दिलाच नव्हता. दिला असता आणि त्याला ही खूण लागली असती, तर कदाचित मी गप्प बसले असते. पण हातरणे हा अब्बांनी पडद्यापलीकडे जाऊन, लोकांत राहून, लोकांसाठी केलेला शब्द होता. तो अब्बांचा मराठी शब्द होता. सप्ताहाला त्यावर टाळ वाजले, जयंतीला त्यावर माणसं दाटीवाटीने बसली, तेरवीला त्यावर बाया रडल्या. बसताना कुणी खाली कसली खूण आहे का, हे बघितलं नाही. आणि त्याच शब्दाला आता उचलून पडद्याच्या आत टाकत होते.

तो रविवार मी अमरावतीला गेले नाही, अचलपूरला गेले. पान अब्बांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून, बोट ठेवून वाचलं. दुसरा अर्थ दोनदा वाचला. मग बोट मागे आलं.

“ये मु. क्या है?”

मी पिशवीत रुमाल शोधू लागले.

“मुक्काम होना,” ते स्वतःच म्हणाले. “मुक्काम पोस्ट जैसा. मुक्काम लिखा और आगे गाव का नाम भूल गए. अचलपूर लिखने को बोल.”

त्यांचा चेहरा इतका आनंदी होता की माझ्याने खरं सांगवलं नाही. “बोलती मैं,” म्हटलं. अम्मीने पान हातात घेऊन डोक्याला लावलं आणि कपाटात ठेवायला निघाली. ते छपाईला परत द्यायचंय, हे सांगून मी कसंबसं सोडवून घेतलं.

अकोल्याला पोचल्यावर मी लाल पेन काढलं. मुलांच्या पेपरवर एरवी मी कधी फुली मारत नाही, रेघ ओढते. इथे फुली मारली. खुणांच्या खुलाशातूनही ती ओळ काढली, कारण ती खूण सबंध पुस्तकात एकाच ठिकाणी होती. पानं सरांकडे न पाठवता थेट छापखान्यात नेऊन दिली. मी नियमाने वागणारी बाई आहे, संपादकाला न विचारता स्वल्पविराम हलवत नाही. पण शेंडी तुटो की पारंबी, म्हटलं, हे होऊ द्यायचं नाही.

आठवड्याने सरांचा फोन आला. छापखान्यातून कळलं होतं.

“कुणाला विचारून काढलंत?”

“घालताना कुणाला विचारलं होतं, सर?”

ते म्हणाले, “असं असेल तर संकलकांत तुमचं नाव ठेवता येणार नाही.”

“नका ठेवू,” मी म्हटलं. “पण ती खूण परत घातलीत, तर प्रकाशनाच्या दिवशी मी अब्बांना घेऊन येईन आणि सगळ्यांसमोर तुम्हाला विचारीन. तुम्ही शेजारी बसून लिहून घेतलं होतं, हेही सांगेन.”

सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी खूण परत घातली नाही. माझं नाव मात्र घातलं नाही. तीन वर्षांचे रविवार होते ते, वाईट वाटलंच. रडलेही. प्रकाशनानंतर फुलवाल्या बाईंचा फोन आला, “पोरी, तू कावून नाई आली मंग?” मी काहीतरी सांगितलं.

पुस्तक आलं तसं मी एक प्रत विकत घेऊन अचलपूरला गेले. अब्बांनी हातरणे काढून वाचलं. गावाचं नाव घातलं नाही म्हणून जरा हिरमुसले. मग पुस्तक उलटून सुरुवातीची यादी वाचू लागले, एकेका नावावर बोट ठेवत. यादी संपली. पुन्हा वरून वाचली.

“तेरा नाम किधर है?”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगितलं. मु. म्हणजे काय होतं, ते मी कसं काढलं, सर काय म्हणाले, मी काय म्हटलं. आणि हेही सांगितलं, की तुम्हाला वाईट वाटेल म्हणून तेव्हा बोलले नाही.

अब्बा ऐकत होते. त्यांनी चष्मा काढला, पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि माझ्याकडे रागाने बघितलं. माझ्यावरच रागावले होते.

“पैले बोलना था ना,” ते म्हणाले. “अकेली काय को लड़ी? मैं भी आता.”